घरातला परफेक्टपणा सोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही घरांत एक माणूस दिवसभर पुसत, लावत, दुसऱ्याने केलेलं परत करत असतो आणि बाकीचे त्याचा चेहरा बघून वावरतात. हे पान अशा घरांसाठी आहे. तो माणूस बहुतेक वेळा बाई असते, पण चपलांची रांग वाकडी दिसली म्हणून घर डोक्यावर घेणारे निवृत्त वडीलही कमी नाहीत. प्रश्न दोन्ही बाजूंचे आहेत. आधी दुसऱ्या बाजूचा प्रश्न वाचलात तरी चालेल.

मी फक्त नीटनेटकी आहे. त्याला परफेक्टपणा कसं म्हणता?

नीटनेटकेपणा घरातल्या सगळ्यांच्या सोयीचा असतो. कात्री जागेवर सापडते, सकाळी मोजे शोधावे लागत नाहीत. परफेक्टपणा ओळखायचा तर घरातल्या बाकीच्यांकडे बघा. तुमची किल्ली दारात वाजली की आत धावपळ सुरू होते का? नवरा कांदा चिरायला बसला की आधी विचारतो का, बारीक की उभा? मुलीच्या हातून कप फुटला तर ती येऊन सांगते, की तुकडे कचऱ्याच्या पिशवीत तळाशी दडवते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘दडवते’ असं असेल, तर गोष्ट डब्यांच्या रांगेच्या पुढे गेलेली आहे.

कॅनडातल्या पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्टपणाचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात माणूस स्वतःकडून बिनचूकपणा मागतो, दुसऱ्यात इतरांकडून. तिसऱ्यात त्याला वाटत असतं की बाकीचं जग आपल्याकडून तो मागतंय. आपल्या घरांत हा तिसरा प्रकार सगळ्यांत चिवट, कारण ते वाटणं पुष्कळदा खरंच असतं. जाऊबाई खरोखरच फ्रिज उघडून बघतात. म्हणून ‘तू मनावर घेऊ नकोस’ हा सल्ला कितीही प्रेमाने दिला तरी उपयोगाचा नाही.

म्हणजे आता घराचा उकिरडा होऊ द्यायचा?

हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो, आणि तो विचारणारीचं घर बहुधा आरशासारखं लख्ख असतं.

काही बाबतींत ढिलाई नकोच. रात्री झोपताना गॅसचा रेग्युलेटर बंद हवा, आणि शेगडीच्या रबरी नळीची मुदत संपली की ती बदलायची, चिरा पडायची वाट बघायची नाही. कुकरच्या शिट्टीचं भोक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा हवा. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नातवाच्या हाताला लागतील अशा ठेवायच्या नाहीत. पिंप, बादल्या, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासायच्या. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्याचा डास व्हायला त्याला साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. कोरडा दिवस पाळायला सांगतात तो यासाठी. उरलेला भात रात्रभर ओट्यावर नको. त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष सकाळी परतून फोडणीचा भात केला तरी जात नाही. गार होताच फ्रिजमध्ये टाकावा.

या यादीत गादीवरची चादर नाही, पडद्याची चुणी नाही, मसाल्याच्या बाटल्यांवरची लेबलं नाहीत. गंमत अशी की परफेक्ट घरांत या दुसऱ्या गोष्टींवरून रोज वाद होतात आणि गॅसची नळी शेवटची कधी बदलली ते कुणालाच सांगता येत नाही. कडकपणाला जागा लागतेच. ती नेमकी कुठे द्यायची हे एकदा बसून ठरवा. कागदावर लिहून फ्रिजला लावलंत तरी चालेल, फक्त कागद सरळ लागलाय का हे बघत बसू नका.

नवरा काम करतो, पण नीट करत नाही. शेवटी मलाच परत करावं लागतं. मग त्याला सांगून फायदा काय?

इथे थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण परफेक्टपणाची बरीचशी भांडणं याच एका वाक्यातून निघतात.

आधी आकडे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात एका दिवसात घरकामात हात घालणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ८१ टक्क्यांच्या आसपास होतं, पुरुषांचं २६ टक्क्यांच्या. जे हात घालतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ आले. म्हणजे मधल्या पाच वर्षांत मिक्सर-वॉशिंग मशिन कितीही सुधारले असतील, दोघांमधलं अंतर मिनिटभरानेच हललं. एवढ्या अंतराचा दोष एकट्या परफेक्टपणावर टाकणं अन्यायाचं होईल. बाईने अपेक्षा कमी केल्या म्हणून पुरुष आपोआप ओट्याशी येत नाहीत. पण जो येऊ बघतो त्याला परत पाठवायचं काम परफेक्टपणा चोख करतो.

ते कसं, तेही बघा. त्याने कपडे वाळत घातले. शर्ट नीट झटकला नाही, बाह्या उलट्याच राहिल्या, टॉवेल दोरीवर दुमडून टाकला. तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, काठी घेऊन सगळं पुन्हा घातलंत. त्याने ते पाहिलं. पुढच्या वेळी तो आणखी निष्काळजीपणे घालणार, कारण तुम्ही परत घालणारच आहात हे त्याला कळलंय. त्याच्यापुढच्या वेळी तो उठणारच नाही. तुम्ही म्हणणार, ‘बघा, याला सांगून उपयोग नाही.’

यातून सुटायला एकच नियम कामाचा वाटतो: ज्याचं काम, त्याची पद्धत. काम देताना पद्धतीवरचा हक्कही सोडायचा. कपडे त्याचे, तर बाह्या उलट्या राहतील आणि इस्त्री करताना त्यालाच सरळ कराव्या लागतील. परिणाम त्याच्या वाट्याला येऊ द्या, मध्ये पडू नका. त्याच्या चपात्यांना कोपरे असतील. चव घेऊन बघा, कोपऱ्यांनी चवीत काही फरक पडत नाही.

काम देताना ते अख्खं द्या. ‘जरा भाजी आण’ हे अर्धंच काम झालं. काय आणायचं, किती उरलंय, उद्या डब्याला काय, हा विचार अजून तुमच्याच डोक्यात राहतो. मंगळवार-शुक्रवारची भाजी त्याची म्हणजे यादीही त्याची, आणि तिसऱ्यांदा दुधीच आला तरी तो शिजवायची जबाबदारीही त्याची.

राहिला तो चलाख प्रकार. काही जण मुद्दाम काम बिघडवतात, म्हणजे पुन्हा सांगणार नाहीत. हे ओळखणं अवघड नाही. ऑफिसचं सादरीकरण हा माणूस नीट करतो का? गाडी स्वतः पुसतो तेव्हा काचेवर डाग राहतात का? तिथे नीट जमतं आणि भांड्यांना मात्र खरकटं चिकटून राहतं, तर शिकवण्याची गरज नाही. ताट पुढे ठेवून ‘हे राहिलंय’ एवढं म्हणायचं आणि तिथून उठायचं.

मी नवरा आहे. मदत करायला गेलो की ओरडा खातो. मग मी गप्प बसतो. माझं चुकतंय का?

गप्प बसण्यात चुकतंय. ‘मदत’ या कल्पनेतही थोडं चुकतंय, कारण मदतनीसाला मुकादम लागतो, आणि बायकोने मुकादम व्हावं ही सोय तुम्हीच केलेली असते.

आणखी एक गोष्ट आहे, ती पुरुषांच्या सहसा लक्षात येत नाही. तुमच्या मावशी घरी आल्या, बेसिनमध्ये भांडी दिसली, तर त्या मनात कुणाला नावं ठेवतात? तुम्हाला नाही. ‘एवढं काय, चालतंय की’ असं तुम्हाला सहज म्हणता येतं, कारण त्याची किंमत दुसरीच कुणी भरते. बायकोने सैल व्हावं असं खरंच वाटत असेल तर बोलणी खायला पुढे व्हा. मावशींना हसत सांगा, ‘भांडी माझ्याकडे आहेत, आज राहिली.’ असं दोनदा झालं की घरात काय फरक पडतो ते बघा. मावशीही पुढच्या वेळी तुम्हालाच टोमणा मारतील, ते पण काही वाईट नाही.

सासूबाईंना माझं काहीच पटत नाही. ‘आमच्या वेळी’ सुरू झालं की डोकं फिरतं.

त्यांच्या वेळी स्वयंपाकघर ही बाईला मान मिळवायची जवळपास एकमेव जागा होती. पुरणपोळी कशी लुसलुशीत, लोणचं वर्षभर कसं टिकतं, पापडाचं पीठ कसं कुटलं, यावरच तिची ओळख ठरायची. पदवी नाही, पगार नाही, बँकेत नाव नाही. चाळीस वर्षं ज्यावर मान मिळाला त्यालाच तुम्ही ‘चालतं हो, बाहेरून आणू’ म्हणता तेव्हा त्यांना काय ऐकू येत असेल, याचा विचार करून बघा. पटवून घ्यायला सांगत नाही.

वागण्यात करण्यासारखं एक आहे. एक खातं पूर्णपणे त्यांचं करा. लोणची, देवघर, नाहीतर संध्याकाळची कोशिंबीर. त्यात तुम्हीही नाक खुपसायचं नाही, त्यांनी मीठ जास्त घातलं तरी. बदल्यात तुमच्या खात्यात तुमची पद्धत. हे तोंडाने बोलून ठरवायचं असेल तर दुपारच्या चहाच्या वेळी, आणि शक्यतो नवऱ्याने आपल्या आईशी बोलावं. सुनेच्या तोंडून तेच वाक्य तक्रार वाटतं.

मी सासू आहे. सून सगळं मागवते. आम्हाला वाईट वाटायचाही हक्क नाही का?

आहे की. वाईट वाटलं तर ‘मला घरच्या भाजणीची चकली आवडते’ असं सरळ म्हणा. ‘हल्लीच्या मुलींना काही करायला नको’ हे मात्र म्हणू नका. पहिल्या वाक्यावर सून एखादवेळेस भाजणी भाजायला बसेल, कदाचित नातूही बसेल. दुसऱ्यावर कुणीही बसणार नाही.

दिवाळीचा फराळ तरी सगळा घरीच व्हायला हवा ना?

चिवडा, चकली, कडबोळी, शेव, शंकरपाळी, करंजी, बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, चिरोटे, अनारसे. ही यादी एका बाईने, नोकरी सांभाळून, आठवड्याभरात संपवायची हा रिवाज पूर्वी कधी होता? मुंबईच्या चाळींत आणि पुण्याच्या वाड्यांत बायका आळीपाळीने एकेकीकडे जमायच्या. एक जण पाऱ्या लाटायची, दुसरी सारण भरायची, तिसरी कढईपाशी. सोऱ्या एकाच घरी असायचा आणि सगळीकडे फिरायचा. शेजारची काकू चकलीचा घाणा बघून सांगायची, मोहन जास्त झालंय म्हणून तेलात विरघळतेय. दहा हातांनी होणारा तो फराळ होता. हात आता दोनच राहिले, यादी मात्र दहा हातांचीच चालू आहे. यात सुगरणपणाचा काय संबंध?

अनारशाचंच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर निथळून जरा ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ मिसळून पीठ मुरू द्यायचं. एवढं करून कढईत तो हसला, म्हणजे तेलात विखुरला, की संपलं. ज्याला हे करण्यात मजा येते त्याने जरूर करावं, ती एक कलाच आहे. ज्याला धास्ती वाटते त्याने बचतगटाच्या बाईकडून पाव किलो घ्यावेत. तिचाही सण त्या पैशांवर गोड होत असतो.

घरात कुठला पदार्थ खरंच खाल्ला जातो ते बघा. बहुतेक घरांत चिवड्याचा डबा चार दिवसांत तळाला जातो आणि रव्याचे लाडू तुळशीच्या लग्नापर्यंत रेंगाळतात. जो संपतो तो घरी करा, तोही सगळ्यांनी बसून. चकलीचे काटे एकसारखे यायला हवेत असं वाटत असेल तर मुलांना बोलावू नका. मुलांना बोलवायचं असेल तर काट्यांचं विसरा. दोन्ही एकदम जमत नाही.

फराळाची ताटं शेजारी पाठवताना मात्र सगळ्यांचाच जीव वरखाली होतो. विकतची करंजी ताटात ठेवली तर कळेल का? कळेल. शेजारणीलाही कळेल आणि तिची तुम्हाला. चालू द्या.

देवाधर्माच्या बाबतीत हे कसं चालेल? गौरीला काही कमी पडलं तर मनाला लागून राहतं.

मनाला लागणं खरं आहे, त्याची थट्टा करायची नाही. पण ज्या परंपरेत आपण वाढलो ती या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी समजूतदार आहे. संकल्पातच ‘यथाशक्ती’ म्हटलेलं असतं. पूजा संपताना आपण काय म्हणतो? ‘आवाहनं न जानामि न जानामि तवार्चनम्.’ मला बोलावता येत नाही, पूजा करता येत नाही. पुढे, ‘मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर, यत्पूजितं मया देव परिपूर्णं तदस्तु मे.’ मंत्र चुकले असतील, विधी राहिला असेल, भक्तीसुद्धा कमी पडली असेल, तरी जे केलं ते पूर्ण मानून घे. म्हणजे उणिवेची कबुली पूजेतच बसवलेली आहे, आणि तीही आपण काय काय विसरलो ते आठवायच्या आत. नैवेद्याच्या वाटीची जागा चुकली म्हणून सुनेला बोलणाऱ्या घरांत हा श्लोक दरवर्षी खड्या आवाजात म्हटला जातो.

रिवाजांतही सोय आहेच. गणपती दीड दिवसाचा असतो, पाच दिवसांचा असतो, दहा दिवसांचा असतो. दीड दिवसाच्या घरी देव कमी येतो असं कुणी म्हणत नाही. गौरी कुठे मुखवट्यांच्या, कुठे खड्यांच्या, कुठे तेरड्याच्या. सोळा भाज्या म्हणजे सोळा कढया नव्हेत, पुष्कळ घरांत सगळ्या मिळून एकच भाजी करतात. या सगळ्या पद्धती कुणीतरी कधीतरी आपल्या ऐपतीप्रमाणे आणि मनुष्यबळाप्रमाणे बसवल्या. तुम्ही बसवलेली पद्धत पुढच्या पिढीला ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणून सांगितली जाईल.

मखराचंही तसंच. थर्माकोलचे महाल २०१८ च्या बंदीनंतर गेले, तरी गणपती येतातच. साडीचा पडदा आणि दोन समया पुरतात.

मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट मी केला नाही तर तो सगळ्यांत खराब दिसतो. मग?

मग तो एकच मुलाने केलेला दिसेल.

खरी अडचण शाळेकडूनही असते हे मान्य. आठ वर्षांच्या मुलाला ‘सौरमालेची प्रतिकृती’ सांगायची आणि प्रदर्शनात पालकांचं कौशल्य मांडायचं, हा उद्योग शाळांनी बंद करायला हवा. पालकसभेत एकाने विषय काढला की बाकीचे दहा जण हुश्श करतात. तोपर्यंत कात्री तुम्ही चालवा, कारण ती धारदार आहे. गोंद, रंग आणि शनीची वाकडी कडी त्याची.

डोनल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने, तो मनोविश्लेषकही होता, १९५० च्या दशकात एक मांडणी केली, ती या ठिकाणी आठवते. बाळाला बिनचूक आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते. सुरुवातीला ती बाळाच्या गरजेप्रमाणे जवळपास पूर्ण वळते, मग हळूहळू, त्याला झेपेल तेवढीच, कमी पडत जाते. या छोट्या छोट्या कमी पडण्यातूनच मूल थांबायला, स्वतः काही करून बघायला शिकतं. विनिकॉटने आयुष्यात हजारो आया आणि बाळं पाहिली होती. आयांना आणखी धडे देत सुटलेल्या तज्ज्ञांबद्दल त्याला फारसं प्रेम नव्हतं.

मुलगीच तशी आहे. एक अक्षर चुकलं की पान फाडते, रडते. आम्ही तर काही बोलत नाही.

बोलत नसाल, पण ती बघते. मोबाइलवर मेसेज पाठवण्याआधी तुम्ही तो तीनदा खोडता, पोळी करपली की स्वतःलाच शिव्या घालता, पाहुणे गेल्यावर ‘आमटी जरा पातळच झाली’ म्हणून तासभर चुटपुटता. मुलं हे सगळं उचलतात.

आणि घराबाहेरचा वाराही तसाच आहे. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी एकत्र करून तपासली. वर सांगितलेले तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि सगळ्यांत जास्त वाढला तो तिसरा, जग माझ्याकडून बिनचूकपणा मागतंय हा. भारतातले विद्यार्थी त्यात नव्हते. पण दहावीच्या निकालादिवशी ९४ टक्क्यांना ‘सहा कुठे गेले?’ विचारणारे काका आपल्याकडे अजून ठणठणीत आहेत.

घरी करण्यासारखं साधं आहे. पान फाडू न देता चुकीवर एक रेघ मारून पुढे लिहायची सवय लावा. तुमची चूक तिच्यासमोर होऊ द्या आणि तिच्यासमोरच निस्तरा. ‘भाजीत मीठ विसरले, वरून घ्या’ इतक्याच सहजपणे. कौतुक करताना ‘किती सुंदर अक्षर’पेक्षा ‘हे गणित अडलं होतं, तू सोडलं नाहीस’ जास्त पोचतं. आणि ती रडत असताना समजावू नका, त्या वेळी काहीच आत जात नाही.

पाहुणे अचानक आले तर?

बसायची खुर्ची मोकळी करा. संडास-बाथरूमवर एक नजर टाका. चहा ठेवा. बेडरूमचं दार लोटून घ्या, दार त्यासाठीच असतं.

मोबाइलवर लोकांची घरं बघून उदास वाटतं. सगळ्यांची एवढी छान कशी?

कॅमेऱ्याच्या मागे कपड्यांचा ढीग सरकवलेला असतो. तरीही उदास वाटत असेल तर ती खाती बघणं बंद करा. पितळी डब्यांच्या मांडणीचे व्हिडिओ बघून कुणाचाही ओटा आवरला गेलेला नाही.

कामाला मावशी आहेत. त्यांनी तरी नीट करायला नको का?

ठरलेलं काम नीट मागणं रास्त आहे. पण घरात ज्यांना आपण बोलू शकत नाही त्यांच्यावरचा राग मावशींवर निघतो का, हे तपासून बघा. मुलाला टेबल आवर म्हणायची हिंमत होत नाही आणि मावशींना मात्र कोपऱ्यातली धूळ बोट फिरवून दाखवली जाते. त्या सकाळपासून तीन-चार घरं करून आलेल्या असतात, वरच्या मजल्यावरच्या बाईंचीही धूळ असते. जास्त काम हवं तर जास्त पैसे आणि आधी ठरवलेलं, इतकं हे सरळ आहे. महिन्याच्या ठरलेल्या सुट्ट्या घेतल्या तर तोंड वाकडं करायचं नाही. त्या दिवशीची भांडी हे घरातल्या बाकीच्यांसाठी उत्तम शिक्षण असतं.

आम्ही परदेशात असतो. मुलांना आपले सण कळावेत म्हणून सगळं जसंच्या तसं करायची धडपड असते. दमायला होतं.

तिकडे मावशी नाहीत, आई-सासू नाहीत, गणपतीची सुट्टी नाही. गावाकडच्या घरात सात जण करत होते ते तुम्ही दोघं शनिवार-रविवारात बसवताय. मुलांना पुढे काय आठवेल? मोदकाच्या पाकळ्या किती होत्या हे नाही. आई आदल्या रात्री हसत होती की रडत होती हे नक्की आठवेल. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला घरून एकच पदार्थ न्या, उरलेला वेळ आरतीचा अर्थ सांगायला ठेवा. मुलं अर्थ विचारतात, आणि तो आपल्यालाही वाचूनच घ्यावा लागतो.

हे सगळं पटतं. सुरुवात नेमकी कशाने करू?

सगळ्यांत नाजूक जागेपासून करू नका. स्वयंपाकघर तुमचा जीव असेल तर त्याला हात लावू नका. चादरी घ्या, पुस्तकांचं कपाट घ्या. एक काम दुसऱ्या कुणाला द्या आणि पंधरा दिवस त्याकडे बघून काही बोलायचं नाही, आणि परत करायचंही नाही. पहिले तीन-चार दिवस हात शिवशिवतील. खोलीतून बाहेर जा. गच्चीत जा. दहा-पंधरा मिनिटांत ती कळ ओसरते, आणि हे अनुभवाने कळणं हाच यातला मुख्य धडा असतो.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, मुंबईत किशोर फडक्यांनी ती मराठी माणसांपर्यंत पोचवली. तिच्यातला एक प्रश्न अशा वेळी कामाला येतो: मला हे तसं आवडेल, की तसं झालंच पाहिजे असा माझा हट्ट आहे? आवडीसाठी माणूस थोडं झटतो आणि नाही जमलं तर खट्टू होऊन सोडून देतो. हट्टाची गोष्ट जमली नाही तर घरावर संकट कोसळल्यासारखं होतं. चादर चुरगळलेली आहे. संकट नेमकं काय आहे, हे मोठ्याने बोलून बघा. बऱ्याचदा स्वतःलाच हसू येतं.

एक सावधगिरी. ‘आता मी पूर्णपणे बदलणार’ म्हणून तक्ते आखू नका. सोडायचंही परफेक्ट सोडायचं, असं सुरू झालं तर ती जुनीच खोड नवीन साडी नेसून आली समजा. मधूनच एखादा रविवार आख्खं घर घासावंसं वाटेल, खुशाल घासा.

हा मानसिक आजार असू शकतो का?

परफेक्टपणा हा स्वभाव आहे, आजार नाही. पण काही खुणा दिसल्या तर डॉक्टरांकडे जायला हवं. हात धुऊन धुऊन कातडी सोलपटणं, गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघूनही खात्री न पटणं, मनात नको ते विचार येत राहणं आणि ते शमवायला ठरावीक कृती करावीच लागणं, यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जाणं. हे ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असू शकतं. त्यावर औषधं आणि वर्तनोपचार दोन्ही आहेत आणि ते लागू पडतात. बाळंतपणानंतर आईला झोप येत नसेल, बाळाचं काही चुकेल या भीतीने ती त्याला कुणाच्या हातात देत नसेल, स्वतःला सतत नालायक म्हणत असेल, तर ‘पहिलटकरीण आहे, होतं असं’ म्हणून सोडू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, कधीही लावता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

मी करणं सोडलं आणि घरात कुणीच काही उचललं नाही तर?

पहिले काही दिवस असंच होईल. सगळे वाट बघतात, ही किती दिवस टिकते म्हणून. मुलाचा गणवेश धुतलेला नसेल, तो आदल्या दिवशीचाच घालून जाईल. दुसऱ्यांदा तो रात्री नऊ वाजता स्वतः बादलीत टाकेल. पण हे सूड म्हणून, न सांगता करू नका. रविवारी सगळ्यांसमोर सांगा की पुढच्या आठवड्यापासून गणवेश माझ्याकडे नाही, साबण इथे आहे, मशिन असं चालतं. सांगूनही महिनाभर कुणी हललं नाही, तर अडचण तुमच्या परफेक्टपणाची नव्हतीच. घरातल्यांना तुमचं काम फुकट हवंय. त्यासाठी वेगळं बोलणं लागेल, आणि ते इतकं गोडीत होणार नाही.

या वर्षी ठरवून सगळ्यांनी मिळून बेसनाचे लाडू केले. तूप जास्त झालं, सगळे लाडू बसले. आता पाहुण्यांसमोर काय ठेवू?

मिश्रण पुन्हा मोडून थोडं बेसन कोरडं भाजून घाला, गार होऊ द्या, मग वळा. तेवढा उत्साह उरला नसेल तर ताटात थापा, वर काजूचे काप लावा, तासभर फ्रिजमध्ये ठेवून सुरीने कापा. कुणी विचारलं तर बेसनाच्या वड्या आहेत.